कारेल स्कूमान आणि केपचे वसाहतवाले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारेल स्कूमान यांच्याबद्दल बोलायला लागलं की पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात. काही नवख्या वाचकांचे असतात, काही इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे, तर काही ‘यात आपला काय संबंध?’ असं सरळ विचारणाऱ्यांचे. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर इथे फक्त तो क्रमांक सांगितला आहे.

१. कारेल स्कूमान कोण होते?

दक्षिण आफ्रिकेतले आफ्रिकान्स भाषेतले कादंबरीकार आणि इतिहासकार. जन्म १९३९ मध्ये, फ्री स्टेट प्रांतातल्या ट्रॉम्प्सबर्ग या छोट्या गावात. मृत्यू १ मे २०१७ रोजी ब्लूमफाँटेनमध्ये. आई डच होती. तरुणपणी ते रोमन कॅथलिक झाले, काही काळ आयर्लंडमध्ये फ्रान्सिस्कन मठात राहिले, पुढे ॲमस्टरडॅममध्ये ग्रंथपालाचं आणि ग्लासगोत परिचारकाचं काम केलं. सत्तरच्या दशकात मायदेशी परतले. १९८३ पासून केपटाउनच्या साउथ आफ्रिकन लायब्ररीत होते आणि निवृत्तीनंतर पुन्हा ट्रॉम्प्सबर्गला जाऊन राहिले.

आफ्रिकान्स साहित्यातला मानाचा हर्ट्झॉग पुरस्कार त्यांना तीन वेळा मिळाला : १९७०, १९८६ आणि १९९५ मध्ये. पण मुलाखती, सभा-समारंभ यांपासून ते कायम दूर राहिले. विद्यापीठात प्राध्यापकही नव्हते. ग्रंथपाल म्हणून नोकरी करता करता त्यांनी जे उभं केलं, ते एखाद्या संस्थेलाही जड जावं. म्हणूनच त्यांच्यावर माझा जीव आहे.

२. नावाचा उच्चार ‘शोमन’ की ‘स्कूमान’?

स्कूमान. आफ्रिकान्समध्ये ‘स्च’ लिहिलेलं ‘स्क’ वाचतात आणि ‘ओए’चा उच्चार ‘ऊ’ होतो. त्याच नियमाने आपण ज्याला ‘बोअर’ म्हणतो तो त्यांच्या तोंडी ‘बूर’ असतो. मराठीत ‘बोअर युद्ध’ रुळलेलं आहे, म्हणून इथे ‘बोअर’च ठेवलं आहे.

३. आफ्रिकान्स ही डचांची भाषा की आफ्रिकेतली?

मूळ सतराव्या शतकातल्या डच बोलीचं, पण भाषा घडली ती केपमध्ये, म्हणजे आजच्या केपटाउनभोवतीच्या वलंदेजांच्या (डचांच्या) वसाहतीत. वलंदेज मालक, जर्मन शिपाई, फ्रेंच निर्वासित, स्थानिक खोईखोई, आणि आशिया व आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरून आणलेले गुलाम यांना एकमेकांशी रोज बोलावं लागे. स्वयंपाकघरात, मळ्यात, मुलं सांभाळताना जी डच बोलली जाई तिचं व्याकरण सुटसुटीत होत गेलं आणि तिच्यात परके शब्द मिसळले. केळ्याला ‘पिसांग’, बशीला ‘पीरिंग’ हे मलायकडचे. तुरुंगाला आफ्रिकान्समध्ये म्हणतात ‘ट्रोंक’. तो पोर्तुगीज ‘ट्रोंको’वरून आला आहे, आणि आपला ‘तुरुंग’ही त्याच शब्दावरून. एकाच समुद्रमार्गाने दोन भाषांना दिलेला हा शब्द बंदिवासाचा असावा, हे मला फार बोलकं वाटतं.

आणखी एक गोष्ट अनेकांना चकित करते. आफ्रिकान्समधलं सुरुवातीचं काही लेखन अरबी लिपीत आहे. एकोणिसाव्या शतकात केपटाउनच्या मदरशांत गुलामांचे वंशज धर्माचे धडे याच भाषेत घेत. गोऱ्यांची भाषा म्हणून तिला १९२५ मध्ये राजमान्यता मिळाली, पण तिला घडवणारे हात केवळ गोरे नव्हते.

४. ‘वसाहतवाले’ म्हणजे नेमके कोण? बर्गर, बोअर, ट्रेकबोअर यांत माझा गोंधळ होतो.

होणारच, कारण शब्दांचे अर्थ काळानुसार सरकले आहेत. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून मोकळा होऊन स्वतःच्या जमिनीवर किंवा धंद्यावर जगणारा तो बर्गर. असे पहिले नऊ मोकळे बर्गर १६५७ मध्ये झाले. ‘बोअर’चा साधा अर्थ शेतकरी. पुढे त्यातले काही गुरं-मेंढ्या घेऊन चाऱ्याच्या शोधात आत आत सरकत गेले, ते ट्रेकबोअर. ‘आफ्रिकानर’ ही आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांची एक जमात म्हणून घट्ट झालेली ओळख बरीच नंतरची.

यात जर्मनांचा वाटा मोठा होता हे विसरलं जातं. कंपनीच्या फौजेत जर्मन मुलखातले कंगाल तरुण भरपूर असत आणि त्यातले बरेच केपलाच राहिले. स्कूमान यांनी २००४ मध्ये आपल्याच आडनावाच्या अशा एका जर्मनाचं, हेन्ड्रिक स्कूमानचं, चरित्र लिहिलं आहे. फ्रेंच ह्यूगनॉट (धर्मछळामुळे देश सोडलेले प्रोटेस्टंट) १६८८ पासून आले, साधारण दोनशेच्या आसपास. संख्या थोडी, पण द्राक्षमळ्यांच्या भागात आजही त्यांची आडनावं पावलोपावली भेटतात.

५. वलंदेज केपला राज्य करायला आले होते का?

नाही, भाजीपाल्यासाठी आले होते. यान फान रीबेक ६ एप्रिल १६५२ रोजी टेबल उपसागरात उतरला तो कंपनीच्या हुकमाने. नेदरलँड्सहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्त्याला, जाणारी जहाजं महिनोन्महिने समुद्रात असत. खलाशी स्कर्व्हीने मरत. वाटेत ताजं पाणी, भाजी आणि मांस मिळावं एवढाच हेतू होता. कंपनीला तिथे मुलूख नको होता, खर्चही नको होता.

पण बागेला माणसं लागतात, माणसांना धान्य लागतं, धान्याला जमीन लागते, आणि जमिनीवर आधीच कोणाची तरी गुरं चरत असतात. या साखळीतली एकेक कडी कशी जोडली गेली ते स्कूमान वर्षागणिक दाखवतात. दुष्ट हेतूने आखलेली योजना त्यात दिसत नाही. दिसतात ते रोजचे छोटे, सोयीचे निर्णय, आणि त्यातून एक माणूस दुसऱ्याचा मालक होतो. १६५८ मध्ये गुलामांची पहिली मोठी जहाजं आली : पोर्तुगीजांकडून पकडलेली अंगोलाची माणसं ‘आमर्सफूर्ट’वर आणि गिनीच्या किनाऱ्यावरची ‘हासेल्ट’वर. वसाहत तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती.

६. या विषयावरची त्यांची पुस्तकं कोणती, आणि कुठल्या क्रमाने वाचावीत?

आफ्रिकान्समधली केपची मोठी मालिका कालक्रमाने चालते. ‘कोलोनी आन दी काप’ (केपमधली वसाहत) १६५२ ते १६६२, म्हणजे फान रीबेकचा काळ. त्यापुढे ‘बर्गर आणि अंमलदार’ १६६२ ते १६७९. मग ‘साहेब आणि शेतकरी’ १६७९ ते १७१२, म्हणजे केपचे प्रमुख झालेल्या फान देर स्टेल बापलेकांची कारकीर्द. शेवटी ‘स्वानेसांग’ (हंसगीत), कंपनीराज्याची अखेरची वर्षं, १७९५ पर्यंत.

इंग्रजीत त्यांनी स्वतः लिहिलेली दोन पुस्तकं आपल्याकडच्या वाचकाला जास्त सोयीची : ‘अर्ली स्लेव्हरी ॲट द केप ऑफ गुड होप’ (१६५२ ते १७१७) आणि ‘पोर्ट्रेट ऑफ अ स्लेव्ह सोसायटी’ (१७१७ ते १७९५).

दोन खंडांची तोड १७१७ ला का? त्या वर्षी कंपनीच्या संचालकांनी केपच्या अंमलदारांना विचारलं होतं की गुलाम आणत राहावं की युरोपातून मोकळे मजूर आणावेत. दोमिनिक द शावोन या एका कप्तानाने मोकळ्या मजुरांच्या बाजूने मत दिलं. बाकी सगळे म्हणाले, गुलामच बरे, स्वस्त पडतात. पुढची शंभरहून अधिक वर्षं त्या एका सल्लामसलतीने ठरली. मी तो भाग वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

७. वसाहतवाल्यांचा इतिहास लिहिताना त्यांनी एका गुलाम बाईपासून सुरुवात का केली?

हा मला सर्वांत आवडणारा प्रश्न. प्रश्न ६ मधल्या मालिकेच्या आधी त्यांनी दोन जाड खंड लिहिले, ‘आर्मोसैन फान दी काप’, म्हणजे केपची आर्मोसैन. पहिला १९९९ मध्ये आला, दुसरा २००१ मध्ये. आर्मोसैन क्लास ही सतराव्या शतकात केपमध्येच जन्मलेली गुलाम बाई. कंपनीच्या गुलामखान्यात, स्लेव्ह लॉजमध्ये, तिच्या आयुष्याचा मोठा काळ गेला. तिची मुलं, नातवंडं पुढे मोकळ्या समाजात मिसळली आणि गोऱ्या म्हणवणाऱ्या कित्येक घराण्यांची पाळंमुळं तिच्यापर्यंत पोचतात.

तिने स्वतः लिहिलेली एक ओळही नाही. कागदोपत्री ती तुटक भेटते, एखाद्या यादीत किंवा बाप्तिस्म्याच्या नोंदीत. तेवढ्यावर चरित्र होत नाही. मग स्कूमान यांनी तिच्या भोवतीचं सगळं जग उभं केलं. पहिला खंड तर १४१५ पासून सुरू होतो, पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतलं स्यूटा घेतलं त्या वर्षापासून, आणि १६५१ ला थांबतो. म्हणजे पहिला खंड संपतो तेव्हा नायिकेच्या जन्मालाही अवकाश असतो. काही वाचक यावर चिडतात. मला मात्र हा तिला दिलेला मान वाटतो. राजेरजवाड्यांच्या चरित्रात आपण सात पिढ्यांची पीठिका निमूटपणे वाचतो, मग एका गुलाम बाईसाठी सव्वादोनशे वर्षांची का नको?

दुसरं कारण इतिहासाचं आहे. केपचा वसाहतवाला मातीत एकटा घाम गाळत होता ही आफ्रिकानरांची आवडती कथा. प्रत्यक्षात त्याची भाकरी, त्याची दारू, त्याच्या घराच्या विटा, त्याची मुलं वाढवणं, सगळ्यांत गुलामाचा हात होता. तिला मध्यभागी ठेवलं की मालकही आपोआप खऱ्या मापात दिसू लागतो.

८. यात भारताचा, महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि वरवरचा नाही. १६५२ ते १८०८ या काळात केपला सुमारे ६३ हजार गुलाम आणले गेले असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यातले साधारण चौथा हिस्सा भारतीय उपखंडातले : बंगाल, कोरोमांडल आणि मलबार किनाऱ्यांवरचे. कागदांत त्यांची नावं ‘फान बेंगाले’, ‘फान मालाबार’, ‘फान कोरोमांडल’ अशी येतात.

बंगालची आन्जेला त्यातली सर्वांत परिचित. १६५७ च्या सुमारास ती केपला आली, फान रीबेकच्या घरी गुलाम म्हणून राहिली, १६६६ मध्ये मोकळी झाली, आणि १६६९ मध्ये आर्नोल्डुस बासोन या वसाहतवाल्याशी तिचं लग्न झालं. लोक तिला आदराने ‘माय आन्सेला’ म्हणत. आज स्वतःला अस्सल आफ्रिकानर समजणाऱ्या हजारोंच्या वंशावळीत ही बंगाली आजी आहे.

आता गोवा. सिमोन फान देर स्टेल १६७९ मध्ये केपचा प्रमुख झाला. स्टेलेनबॉश गावाला त्याचंच नाव आहे आणि दक्षिण आफ्रिकेच्या वाइनचा उगम सांगताना त्याचं नाव टाळता येत नाही. त्याच्या आईची आई ‘गोव्याच्या किनाऱ्याची मोनिका’ म्हणून ओळखली जाई. ती गुलामीतून मुक्त झालेली बाई होती. गोऱ्या केपचा हा संस्थापक-पुरुष एका गोवेकरणीचा नातू होता.

दुसरं नाव हेन्ड्रिक फान रीड. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने करवून घेतला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांचं १६७५ चं प्रमाणपत्र नागरी लिपीतल्या कोकणीत छापलेलं आहे. हाच फान रीड १६८५ मध्ये कंपनीचा आयुक्त म्हणून केपला उतरला. गुलामखान्यात युरोपीय बापांची मुलं हिंडताना पाहून त्याने नियम घातले. अशा मुलग्याला पंचविसाव्या आणि मुलीला बाविसाव्या वर्षी, डच भाषा आणि ख्रिस्ती धर्माच्या अटीवर, सुटकेचा मार्ग ठेवला. १६९१ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तो वारला आणि सुरतेला त्याची भलीमोठी कबर आहे. वनस्पतींच्या अभ्यासकांना आणि केपच्या अभ्यासकांना हा एकच माणूस भेटतो, पण ते सहसा एकमेकांशी बोलत नाहीत.

आणि वेंगुर्ला. तिथली पडकी डच वखार अनेकांनी पाहिली असेल. तीही याच कंपनीची. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला सोयीची जागा म्हणून सतराव्या शतकात विजापूरकरांच्या परवानगीने ती उभी राहिली. वेंगुर्ल्याच्या वखारीतला कारकून आणि केपच्या किल्ल्यातला कारकून एकाच नमुन्यात हिशेब लिहीत होते.

शेवटी शिवाजी महाराज. १६७७ मध्ये कर्नाटक मोहिमेवर असताना त्यांनी वलंदेजांना जो कौल दिला, त्यात आपल्या अमलाखालच्या मुलखात गुलामांची खरेदी आणि वाहतूक करायला मनाई केली. पूर्वीच्या राजवटीत चालत होतं, आता चालणार नाही, असा त्याचा आशय आहे. केपच्या यादीत ‘फान कोरोमांडल’ असं नाव दिसलं की मला हा कौल आठवतो.

९. मग ‘फान मालाबार’ म्हणजे मल्याळी आणि ‘फान बेंगाले’ म्हणजे बंगाली, असं धरायचं का? त्यात मराठी माणसं असतील का?

एवढ्यावरून असं धरू नये. या नावांतला मुलूख म्हणजे बहुतेक वेळा माणूस जिथे विकला गेला किंवा जहाजावर चढवला गेला ती जागा. जन्मगाव वेगळं, पकडला गेला ते ठिकाण वेगळं, बंदर आणखी वेगळं. विकणारा आपल्याला सोयीचं नाव सांगे, कारकून ऐकू येईल तसं लिही. शिवाय पहिलं नाव मालकाने ठेवलेलं असे. महिन्यांची नावं, ग्रीक-रोमन पुराणातली नावं सर्रास सापडतात. आईबापांनी हाक मारलेलं नाव बंदरातच गळून पडत असे.

म्हणून ‘अमुक गुलाम आपला मराठी होता’ असं छातीठोक सांगणाऱ्यांपासून सावध राहा. कागद जेवढं सांगतो तेवढंच घ्यावं, हे मी स्कूमान यांच्याकडूनच शिकलो. गोव्याच्या मोनिकेबद्दलही (प्रश्न ८) आपल्याला किनारा कळतो, जात किंवा बोली कळत नाही.

१०. मूळच्या खोईखोई लोकांबद्दल त्यांनी लिहिलं आहे का?

हो. ‘सेव्हन खोई लाइव्ह्ज’ (२००९) हे त्यांचं इंग्रजी पुस्तक सात खोई माणसांची चरित्रं सांगतं. केपच्या खोई माणसांत सर्वांत गाजलेली क्रोतोआ, वलंदेजांच्या कागदांतली ‘एवा’. ती कोवळ्या वयात फान रीबेकच्या घरात आली, डच शिकली, दुभाषी झाली. १६६४ मध्ये कंपनीच्या पीटर फान मेरहोफ या शल्यवैद्याशी तिचं लग्न झालं. नवरा मारला गेल्यावर ती दारूत बुडाली, मुलं तिच्यापासून काढून घेतली गेली, रॉबेन बेटावर तिची रवानगी झाली आणि १६७४ मध्ये ती मेली. अंमलदारांनी तिच्याबद्दल लिहिलेली वाक्यं तुच्छतेने भरलेली आहेत, आणि ती तशीच्या तशी वाचावी लागतात, कारण तिच्याबद्दल दुसरं काही उरलेलं नाही.

१७१३ ची देवीची साथही इथेच सांगायला हवी. जहाजावरून धुण्यासाठी उतरवलेल्या कपड्यांतून ती पसरली. गुलामखान्यात माणसं मेली, गोरे मेले, आणि खोईखोईंचे तर कळपच्या कळप नाहीसे झाले. वसाहत आत सरकायला मोकळी जमीन मिळाली ती काही अंशी अशी.

जुन्या कागदांत खोईखोईंसाठी ‘हॉटेंटॉट’ हा शब्द येतो. आज तो अपमानकारक मानतात. उद्धृत करायची वेळ आली तरच वापरा.

११. त्यांच्या कादंबऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्या म्हणाव्यात का?

मराठीत ‘ऐतिहासिक कादंबरी’ म्हटलं की तलवारी, दरबार, गाजलेली पात्रं डोळ्यांसमोर येतात. तसं काही यांच्याकडे नाही. ‘हीर्डी लेवे’ (हे आयुष्य, १९९३) घ्या. रोखेफेल्टच्या थंड, उजाड पठारावर एक म्हातारी बाई मरणाची वाट पाहत अंथरुणाला खिळली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका वसाहतवाल्या कुटुंबाची ही अविवाहित मुलगी. आयुष्यभर ती कोपऱ्यात बसून ऐकत आली. भाऊ, वहिनी, जमिनीसाठी झुरणारी आई, घरात कुणी न बोललेली रहस्यं. आता रात्रभर ती सगळं जुळवायचा प्रयत्न करते आणि काही तुकडे जुळतच नाहीत.

ज्यांना आपण इतिहासाचे नायक समजतो ते या कादंबरीत दारापलीकडून ऐकू येणारे आवाज आहेत. इतिहास सांगणारी आहे ती घरातली आत्या, जिला कुणी काही विचारलं नाही. आपल्या वाड्यांमध्येही अशा आत्या होत्या, त्यामुळे मराठी वाचकाला ही कादंबरी परकी वाटत नाही.

‘अ आन्डर लान्ट’ (दुसरा देश, १९८४) मध्ये क्षयाने आजारी डच गृहस्थ फर्स्लौस एकोणिसाव्या शतकातल्या ब्लूमफाँटेनला हवापालटासाठी येतो. धुळीच्या गावात युरोपसारखं जगू पाहणारा तो समाज त्याच्या नजरेतून दिसतो. ‘फरलीसफाँटेन’ (१९९८) मध्ये तर भूतकाळात शिरू पाहणारा संशोधकच पात्र होतो आणि त्याच्या कानांवर बोअर युद्धाच्या वेळच्या एका गावातले आवाज येऊ लागतात.

कादंबरी आणि इतिहास यांची सरमिसळ मात्र त्यांनी केली नाही. कादंबरीत शोधलेली माणसं इतिहासाच्या पुस्तकात कधी शिरत नाहीत, आणि इतिहासाच्या पुस्तकात संवाद रचलेले नसतात. आपल्याकडे लोकप्रिय कादंबरीतला संवाद भाषणात पुरावा म्हणून येतो, त्यामुळे ही शिस्त मला मोलाची वाटते.

१२. आफ्रिकानर लेखक आफ्रिकानरांच्या पूर्वजांवर लिहितो, म्हणजे त्यात वसाहतवादाचं उदात्तीकरण असणारच ना?

शंका रास्त आहे, कारण तसं लेखन ढिगाने झालं होतं. १९३८ मध्ये ‘ग्रेट ट्रेक’ची, म्हणजे बोअर कुटुंबांनी केप सोडून बैलगाड्यांनी आतल्या मुलखात केलेल्या स्थलांतराची, शताब्दी बैलगाड्यांच्या मिरवणुकांनी साजरी झाली. १९४९ मध्ये प्रिटोरियाजवळ त्या स्थलांतरितांच्या, फूरट्रेकरांच्या, स्मारकाचं उद्घाटन झालं. १९५२ मध्ये फान रीबेकच्या आगमनाला तीनशे वर्षं झाली म्हणून केपटाउनमध्ये जंगी उत्सव झाला. वर्णभेदाच्या राजवटीला असा भूतकाळ हवाच होता. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी घडल्या तेव्हा स्कूमान शाळकरी वयाचे होते.

त्यांनी याचा प्रतिवाद घोषणांनी केला नाही. गुलाम, सैनिक, खलाशी, विधवा, मिशनरी, ग्रिक्वा (खोई आणि गोरे यांच्या मिश्र वंशातला समाज), खोई यांच्यासकट सगळा समाज मांडला. मग ‘शुद्ध’ गोऱ्या समाजाची कथा आपोआपच टिकत नाही, कारण पहिल्याच पिढीत बंगालची आन्जेला उभी असते. १९७२ च्या ‘ना दी खेलीफ्दे लान्ट’ (प्रिय भूमीकडे) या कादंबरीत तर त्यांनी आफ्रिकानरांची सत्ता संपल्यानंतरचा देश कल्पिला होता. वर्णभेद तेव्हा पूर्ण जोरात होता.

वसाहतवाल्यांकडे ते तिरस्कारानेही पाहत नाहीत, हेही खरं. एकाकी शेतावर पहिलं मूल गमावलेली बाई त्यांच्या लेखनात माणूसच असते, आणि तिच्या अंगणात फटके खाणारा गुलामही माणूसच. दोघं एकाच पानावर असतात. मला हे जास्त अवघड आणि जास्त खरं वाटतं.

१३. ग्रेट ट्रेक आणि बोअर युद्धावर त्यांनी लिहिलं नाही का?

लिहिलं, पण ढोल-ताशे टाळून. ऑरेंज नदीपलीकडच्या मुलखावर त्यांचं बरंच काम आहे : ब्लूमफाँटेन शहराचा इतिहास, फिलिपोलिसच्या ग्रिक्वा राज्याचे कागद आणि इतिहास, मिशनऱ्यांची चरित्रं. बोअर शेतकरी तिथे पोचण्याआधी ग्रिक्वा लोकांचं स्वतःचं शासन होतं, हे ते कागदांनिशी दाखवतात. बोअर युद्धासाठी ‘फरलीसफाँटेन’ (प्रश्न ११) आणि लेखिका ऑलिव्ह श्रायनर यांच्या युद्धकाळावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक पाहा.

१४. त्यांच्या इतिहासलेखनावर टीका काय होते?

मुख्य तक्रार अवतरणांची. पानंच्या पानं जुन्या प्रवासवर्णनांतले, पत्रांतले उतारे येतात आणि लेखक मध्ये फारसं बोलत नाही. सिद्धांत मांडणारा, वाद घालणारा इतिहास हवा असेल तर निराशा होते. मालिकेतले काही भाग मलाही संथ वाटले, विशेषतः अंमलदारांच्या नेमणुका आणि मानपानाच्या भानगडी.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. सगळा आधार युरोपीयांनी लिहिलेल्या कागदांचा. गुलाम बोलताना ऐकू येतो तो बहुधा न्यायालयात, जबानी देताना, तीही कारकुनाच्या डचमध्ये आणि पुष्कळदा छळानंतर. कितीही सहृदय इतिहासकार असला तरी ही भिंत पूर्ण ओलांडता येत नाही. स्कूमान भिंत असल्याचं लपवत नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन.

१५. मला आफ्रिकान्स येत नाही. सुरुवात कुठून करू?

कादंबरीपासून करायची तर ‘हीर्डी लेवे’चा इंग्रजी अनुवाद ‘धिस लाइफ’ घ्या आणि मग ‘अनदर कंट्री’. इतिहासापासून करायची तर प्रश्न ६ मधलं ‘अर्ली स्लेव्हरी’. भारतीय वाचकाला त्यात ओळखीच्या बंदरांची नावं पानोपानी भेटतात. ‘सेव्हन खोई लाइव्ह्ज’ छोट्या चरित्रांचं असल्याने सवडीने वाचता येतं. डच किंवा जर्मन थोडं येत असेल तर आफ्रिकान्स मूळ वाचायला घाबरू नका. क्रियापदं माणसागणिक बदलत नाहीत, त्यामुळे शब्दकोश हाताशी ठेवून सहा महिन्यांत पान सरकू लागतं.

१६. वाचताना तारखा, मापं, नावं यांत काय काळजी घ्यावी?

एकाच माणसाचं नाव तीन-चार प्रकारे लिहिलेलं असतं. आन्जेला, आन्सेला, आन्हेला ही सगळी एकच बाई. जमीन ‘मॉर्गेन’मध्ये मोजतात, एक मॉर्गेन म्हणजे दोन एकरांहून थोडं जास्त. ‘कंपनी’ शब्द वाचताना आपल्या डोक्यात इंग्रजांचं कंपनी सरकार येतं. इथे ती वलंदेजांची आहे. गुलामगिरी संपल्याची तारीख १ डिसेंबर १८३४ अशी दिसेल, पण त्यानंतर चार वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकाकडे राबावं लागलं. खरी सुटका १८३८ मध्ये.

१७. मूळ कागद आज कुठे आहेत? सामान्य माणसाला पाहता येतात का?

कंपनीची दप्तरं पाच देशांत विखुरलेली आहेत : नेदरलँड्स, दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया, श्रीलंका आणि भारत. २००३ मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृती-ठेव्यात नोंद केली. भारतातला साठा चेन्नईच्या अभिलेखागारात आहे. कोचीनकडची दप्तरं तिथे आहेत. केपचा साठा केपटाउनच्या अभिलेखागारात. बाप्तिस्मा, मृत्युपत्रं, घरातल्या मालमत्तेच्या याद्या असे पुष्कळ कागद आता संगणकावर उतरवले आहेत.

१८. केपटाउनला जायचा योग आला तर या वाचनाच्या दृष्टीने काय पाहावं?

आधी स्लेव्ह लॉज. १६७९ पासूनची वास्तू, आता संग्रहालय. तिच्या शेजारून कंपनीच्या बागेत शिरता येतं, जहाजांना भाजी पुरवणारी तीच ती बाग (प्रश्न ५). बागेच्या कडेला राष्ट्रीय ग्रंथालयाची पांढऱ्या खांबांची इमारत आहे. स्कूमान काम करत ते साउथ आफ्रिकन लायब्ररी म्हणजे हेच. सिमोन फान देर स्टेलला फान रीडच्या भेटीच्या वर्षी मिळालेला कॉन्स्टान्शियाचा मळा शहरापासून जवळ आहे. बो-काप ही टेकडीवरची मुसलमान वस्तीही पाहावी. अरबी लिपीतली आफ्रिकान्स (प्रश्न ३) वाचली-लिहिली गेली ती या समाजात.

गुलामखाना ते ग्रंथालय हे अंतर चालत पाच मिनिटांचंही नाही. दोन्हीमध्ये ओकच्या झाडांची एक वाट आहे. आर्मोसैन जिथे राहिली त्या भिंतींवरून दुपारी चालत जाऊन मग तिचं नाव असलेली दप्तरं उघडून बसणारा एक अबोल ग्रंथपाल, असं चित्र त्या वाटेवर माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं.